कुलूप दिसावे की दडलेले असावे?

मोटारीच्या स्टिअरिंगला जाडजूड लोखंडी दांडा अडकवलेला असतो. चोर काचेतून तो पाहतो आणि शेजारच्या गाडीकडे वळतो. मालकाची गाडी वाचते, पण चोरी टळत नाही. ती शेजाऱ्याच्या माथी जाते. एखादे उपकरण कसे चालते हे आपण वर्गात शिकवतो. त्याचा सर्वांवर मिळून काय परिणाम होतो, हे मात्र सहसा विचारत नाही. म्हणूनच इयन एअर्स आणि स्टीव्हन लेव्हिट या अमेरिकन संशोधकांचा १९९८ मधील 'लोजॅक'विषयीचा शोधनिबंध शिक्षकांनी समजून घ्यावा असा आहे.

लोजॅक १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात सुरू झाले. हे एक छोटे रेडिओयंत्र. ते गाडीत लपवून बसवत, आणि बाहेर त्याची काहीही खूण नसे. चोरीची तक्रार नोंदली गेली की मनोऱ्यांवरून त्या गाडीचा संकेत प्रसारित होई. यंत्र जागे होऊन १७३.०७५ मेगाहर्ट्झवर उत्तर देऊ लागे. पोलिसांच्या गाडीवरील ॲन्टेना त्या लहरींची दिशा आणि तीव्रता दाखवत. यात उपग्रहाचा संबंधच नव्हता.

यंत्र दिसत नसल्यामुळे ते बसवलेली गाडी चोरीला जाण्याची शक्यता कमी होत नाही. मग चोऱ्या कमी झाल्याच, तर तो लाभ सगळ्यांचा. निबंधाचा युक्तिवाद असा सरळ आहे. लोजॅक आलेल्या मोठ्या शहरांत वाहनचोऱ्या झपाट्याने घटल्या, उरलेल्या राज्यात थोड्या कमी प्रमाणात घटल्या. इतर गुन्ह्यांत मात्र फारसा फरक पडला नाही. ही शेवटची तपासणी मला सर्वांत मोलाची वाटते. बंदोबस्त वाढल्यामुळे चोऱ्या घटल्या असत्या, तर घरफोड्याही घटायला हव्या होत्या. प्रयोगशाळेत आपण तुलनेसाठी दुसरी परीक्षानळी ठेवतो, तसेच हे आहे.

निबंधातील एक आकडा मात्र जपून वापरावा. समाजाचा लाभ खर्चाच्या १५ पट, असे म्हटले जाते. लेखकांचे म्हणणे 'जास्त गुन्हे असलेल्या भागांत, आजवरच्या अनुभवानुसार, १५ पटींपर्यंत' असे आहे. या अटी गाळल्या की अंदाजाची जाहिरात होते.

दुसरी शंका सीमेची. चोर राज्याबाहेर गेले तर? मार्को गोन्झालेझ-नवारो यांच्या २०१३ च्या मेक्सिकोवरील अभ्यासात याचे उत्तर सापडते. तेथे काही राज्यांत फोर्डच्या काही नव्या मॉडेलांत लोजॅक बसवले गेले, इतर राज्यांत नाही. ते असलेल्या राज्यांत या गाड्यांच्या चोरीचा धोका ४८ टक्क्यांनी घटला. पण टळलेल्या दर १०० चोऱ्यांमागे १८ चोऱ्या लोजॅक नसलेल्या राज्यांत झाल्या. मॉडेल ठरलेले असले की यंत्र कोठे असेल याचा अंदाज चोराला बांधता येतो. दडलेले कुलूप तेवढ्यापुरते दिसू लागते. म्हणजे पहिला निष्कर्ष खोटा ठरत नाही, त्याची मर्यादा कळते.

खरी अडचण पुढेच आहे. एअर्स आणि लेव्हिट यांच्या हिशेबाने यंत्र घेणाऱ्याच्या पदरात एकूण लाभाचा दहावा हिस्साही पडत नाही. पैसे एकाचे, निर्धास्त झोप साऱ्या आळीची! मग यंत्र घेणारे कमीच राहणार. लसीकरणाला समाज हातभार लावतो, तसा येथेही लावावा काय, हा प्रश्न तंत्रज्ञान एकटे सोडवू शकत नाही.

वर्गात हे करून पाहता येईल. २० काड्यापेट्या घ्या आणि दोनमध्ये लाल चिठ्ठी ठेवा. रिकामी पेटी उघडली तर एक गुण मिळेल, लाल चिठ्ठी निघाली तर दहा जातील. आधी त्या दोन पेट्यांवर खूण करून खेळा, मग खूण न करता. दुसऱ्या वेळी 'चोर' किती पेट्या उघडण्याचे धाडस करतो, ते मुलांनाच मोजू द्या.