भूतकाळातलं भाकीत

इथे चेन्नईत सुब्रह्मण्य भारतींचं 'सुदंदिर पळ्ळु' भविष्यवाणी म्हणून सांगतात: कवी ट्रिप्लिकेनमध्ये १९२१ साली वारले, स्वातंत्र्य आलं १९४७ला. मराठी करताना मीही 'मिळेल' लिहिलं आणि खोडलं. मुळात स्वातंत्र्य मिळून गेलंय. तसं म्हणत पळ्ळर शेतमजुरांनी नाचायचंय. हा अंदाज कुठला, हा तर आगाऊ साजरा केलेला सण! रामदासांच्या 'आनंदवनभुवनी'तही औरंगजेब बुडून चुकलाय. प्रत्यक्षात तो मेला १७०७मध्ये, रामदासांनंतर पंचवीसेक वर्षांनी.

आणि भविष्यवाणीच म्हणायची तर गाणं पुरं तपासा. त्याच भूतकाळात भारती जातीची उच्चनीचताही संपवून टाकतात. ते भाकीत कुणी मोजत नाही. मी तिथंही 'संपली'च ठेवलं.