तपकिरीच्या कुप्या, चिनी
चीनमध्ये छिंग राजवटीत (१६४४–१९१२) तपकीर ठेवण्यासाठी प्रचारात आलेल्या, मुठीत मावणाऱ्या कलात्मक कुप्या. यूरोपात तपकीर डबीत ठेवीत. चीनच्या दमट हवेत बुचाची कुपीच सोयीची ठरली. बुचाला आतून बारीक चमचा जोडलेला असे. खांगशी सम्राटाने १६९६ मध्ये पीकिंगच्या (बीजिंग) राजवाड्यात काचेचा कारखाना काढल्यावर काचेच्या कुप्यांना राजाश्रय लाभला. चिनी माती, जेड, हस्तिदंत यांच्याही कुप्या होत. तथापि कलादृष्ट्या अकीकाच्या कुप्या सर्वांत सरस म्हटल्या पाहिजेत. दगडातील मूळचा काळसर डाग तेवढा उठावात राखून त्यातूनच माकड, घोडा किंवा पक्षी साकारलेला असतो. काही तर आतून इतक्या पोखरलेल्या आहेत, की पाण्यावर तरंगतात. एकोणिसाव्या शतकात पारदर्शक कुपीच्या अरुंद तोंडातून वाकडी लेखणी घालून आतल्या बाजूस चित्रे काढण्याची प्रथा पडली. त्या शतकाच्या अखेरीस जौ लयुआनने काढलेली निसर्गदृश्ये तीत अग्रगण्य होत. हस्तलाघव थक्क करणारे खरे; परंतु तपकीर भरून चमचा फिरविला, की चित्र खरवडले जाई. अशी कुपी केवळ पाहण्यापुरती उरली. संग्राहक छ्येनलुंग सम्राटाच्या (कार. १७३६–९५) राजमुद्रेला फार मोल देतात, ती मात्र नंतरच्या कुप्यांवरही सर्रास आढळते.