जलशिल्प आणि सांडपाण्याचा हिशेब

चौकातले कारंजे पंपाच्या जोरावर तेच ते पाणी फिरवत राहते. गेल्या पन्नासेक वर्षांत काही कलावंतांनी या वाहत्या पाण्याकडून अधिक मागितले. पाणी वाहता वाहता स्वच्छ व्हावे आणि ते होताना लोकांनी पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. ही कला आता दालनातून उद्यानात आणि उद्यानातून नगररचनेत पोचली आहे. तिचा पसारा वाढला, पण तिच्याकडे पाहण्याची आपली कसोटी मात्र सैल पडत चालली आहे.

इंग्रज शिल्पकार जॉन विल्क्स यांनी 1970मध्ये ‘फ्लोफॉर्म’ घडवले. समोरासमोर दोन वाट्या आणि आत-बाहेर जायला मोजून-मापून अरुंद केलेल्या वाटा. त्यातून जाताना पाणी इंग्रजी आठच्या आकड्यात हेलकावते आणि त्याला लय सापडते. स्वीडनमधल्या यार्ना इथे 1973मध्ये अशा वाट्यांची उतरंड सांडपाण्याच्या तळ्यांना जोडली गेली. या खळखळीने पाण्यात प्राणवायू मिसळतो, हे खरे. त्यापलीकडे पाण्यात ‘चैतन्य’ उतरते, हा या पंथाचा दावा मला पटत नाही. त्या लयीचे सौंदर्य पुरेसे आहे. त्याला चमत्काराची जोड कशाला हवी?

जर्मन कलावंत हान्स हाके यांनी उलटी वाट धरली. 1972मध्ये क्रेफेल्डच्या संग्रहालयात त्यांनी ऱ्हाइन नदीचे घाण पाणी आणले आणि रसायने, वाळू व कोळसा यांतून गाळून सोनेरी माशांच्या टाकीत सोडले. शेजारच्या तक्त्यांवर शहर नदीत किती मैला सोडते आणि त्यात कोणाचा वाटा किती, हे मांडले होते. संग्रहालय नगरपालिकेचे आणि मैला सोडणारीही तीच. मांडणी देखणी नव्हती, पण बोट नेमके रोखलेले होते.

हे दोन्ही प्रवाह एकत्र आले ते चीनमधल्या चेंगदू शहरात. अमेरिकन कलावंत बेट्सी डेमन यांनी 1995मध्ये तिथे नदीकाठी लोकांसमोर कलाप्रयोग घडवून आणले. त्यात यिन शिउजेन यांनी नदीच्या 10 घनमीटर घाण पाण्याचे बर्फाचे ठोकळे केले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते घासून धुवायला लावले. जितके धुवावे तितके ते वितळत गेले. नदीच्या दुखण्यावर इतके थेट बोलणारी कलाकृती मला दुसरी आठवत नाही. पुढे 1998मध्ये तिथेच डेमन यांच्या कल्पनेतून सुमारे 2.4 हेक्टरचे ‘जिवंत पाण्याचे उद्यान’ उभे राहिले. नदीचे पाणी आधी गाळाच्या टाकीत येते, मग फ्लोफॉर्मवरून उतरते, पाणवनस्पतींच्या वाफ्यांतून आणि मासे पोसणाऱ्या तळ्यांतून फिरते आणि नदीला परत मिळते. पाणी कसे निवळते, हे पोरासोरांनाही चालता चालता कळते.

हे उद्यान दिवसाला सुमारे 200 घनमीटर पाणी स्वच्छ करते. माणशी 135 लिटर धरले, तर ते जेमतेम दीड हजार माणसांचे पाणी झाले. एवढ्याने नदी सुधारत नाही. उद्यानाचे मोल शिकवण्यात आहे, आणि ते मोठे आहे. मात्र ‘कलेने नदी वाचवली’ असे कौतुक त्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल.

सिंगापूरच्या बिशान-आंग मो किओ उद्यानात प्रमाण बदलते. हर्बर्ट ड्रायझाइटल यांच्या संस्थेने कालांग नदीचा 2.7 किलोमीटरचा सरळसोट काँक्रीटचा कालवा फोडून तिथे सुमारे 3 किलोमीटरचे वळणावळणाचे पात्र घडवले. 2012मध्ये ते खुले झाले. पूर आला की नदी गवतावर पसरते, ओसरला की माणसे परत काठावर येतात. त्या वळणांमागे एक न दिसणारे काम आहे. 1977 ते 1987 या दशकात सिंगापूरने कालांगचे खोरे साफ केले आणि मैला वेगळ्या गटारांत वळवला. सौंदर्य त्यानंतर आले, म्हणून टिकले.

हा क्रम आपल्याकडे उलटा होतो आहे. पुण्यात मुळा-मुठेच्या सुमारे 44 किलोमीटर काठाचा कायापालट करायला घेतला आहे, आणि प्रक्रिया न केलेले सांडपाणी नदीत येणे थांबलेले नाही. अशा काठावरचे जलशिल्प कितीही सुबक असो, ते घाणीवर पडदा टाकण्याचेच काम करील.

म्हणून जलशिल्प मंजूर करताना, आणि त्याची समीक्षा करतानाही, तीन गोष्टी तपासायला हव्यात: पाणी कुठून येते हे दिसते का, येताना आणि जाताना ते कसे आहे याच्या नोंदी लोकांसमोर लावल्या आहेत का, आणि गाळ उपसणाऱ्या, वाफे राखणाऱ्या हातांचा पगार अंदाजपत्रकात धरला आहे का. हे हात थांबले, की शिल्पही थांबते. यांची उत्तरे नसतील तर त्याला सुशोभीकरण म्हणावे आणि तो पैसा आधी मैलावाहिन्यांना द्यावा.