चित्रातले इंजिन आणि हातातले इंजिन

अमरावतीला उच्च माध्यमिक शिक्षकांच्या एका उजळणी वर्गात भौतिकशास्त्रावर बोलण्यासाठी आम्ही गेलो होतो. चहाच्या सुटीत अकोल्याहून आलेल्या एका शिक्षकांनी आमच्यापुढे एक उत्तरपत्रिका ठेवली. ती बारावीच्या व्यवसाय अभ्यासक्रमातील एका विद्यार्थ्याची होती. प्रश्न एका गुणाचा होता : 'चार स्ट्रोकच्या इंजिनात इनलेट झडप केव्हा उघडते?' नमुना उत्तर होते, 'पिस्टन वरच्या टोकाला पोहोचल्यावर.' मुलाने लिहिले होते, 'पिस्टन वर पोहोचण्याच्या थोडे आधी.' उत्तरावर लाल फुली होती.

"मी त्याला बोलावून पुस्तकातले चित्र दाखवले," शिक्षक म्हणाले. "तर तो म्हणाला, 'सर, पन आमच्या गॅरेजात त पिस्टन वर याच्या आंधीच वाल्व उघडते.' आता सांगा, मी गुण द्यायचा की नाही?"

गुण द्यायला हवा होता, हे आम्ही तेव्हाच सांगितले. पण प्रश्न एका गुणापुरता नाही. ज्या चित्राच्या आधाराने ती फुली मारली गेली, त्या चित्राची तपासणी कोणी करायची, असा तो प्रश्न आहे. ही तपासणी आम्ही येथे करणार आहोत. आमच्यासमोर कोणतेही एक पुस्तक नाही. अनेक पुस्तकांत, भिंतीवरच्या तक्त्यांत आणि लाकडी प्रतिकृतींत तेच चित्र वर्षानुवर्षे उतरत आले आहे. प्राध्यापकी करताना आम्हीही ते फळ्यावर काढले आहे. तेव्हा या टीकेत आमचाही वाटा धरावा.

चित्र काय सांगते?

चार चौकटी असतात : शोषण, दाब, शक्ती आणि उत्सर्जन. पिस्टन वरच्या टोकाला आला की इनलेट झडप उघडते. तो खालच्या टोकाला पोहोचला की ती बंद होते. एक्झॉस्ट झडपेचेही तसेच. प्रत्येक घटना बरोबर १८० अंशांवर घडते आणि दोन्ही झडपा एकाच वेळी कधीही उघड्या नसतात.

हे चित्र अगदीच निरुपयोगी नाही. चार स्ट्रोकना क्रँकचे दोन फेरे लागतात आणि तेवढ्यात कॅमशाफ्टचा एकच फेरा होतो, ही मूळ गोष्ट त्यातून चांगली समजते. सोपे करून सांगणे हा दोष नव्हे. घर्षणरहित उतार आणि वजनरहित दोरी आपण रोज वापरतो. पण तेथे 'घर्षण नाही असे मानू' हे वाक्य आपण लिहितो. इंजिनाच्या चित्राखाली तसे वाक्य नसते. त्यामुळे 'असे मानू' याचे 'असे असते' होते, आणि शेवटी परीक्षेत तेवढेच खरे ठरते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. न्यूटनचा दुसरा नियम याच अभ्यासक्रमात शिकवला जातो. झडपेला वस्तुमान असते. ती एका क्षणात पूर्ण बंद अवस्थेतून पूर्ण उघडी व्हायची असेल, तर त्वरण अनंत लागेल. मिनिटाला ६,००० फेरे करणाऱ्या इंजिनात क्रँक १ अंश फिरायला सेकंदाचा सुमारे ३६,००० वा भाग लागतो. झडप बंद स्थितीपासून पूर्ण उचलीपर्यंत जायला १०० ते १२० अंश घेते, म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद. याहून फार घाई केली तर झडपेची स्प्रिंग तिला कॅमबरोबर ठेवू शकत नाही. म्हणून झडपेने वेळेआधी उघडायला सुरुवात करणे हे न्यूटनच्या नियमातूनच ओघाने येते. एका धड्यात नियम शिकवायचा आणि दुसऱ्या धड्यातल्या चित्राने तो मोडायचा, याचे आश्चर्य फक्त गॅरेजमधल्या मुलाला वाटावे, हे आपल्याला शोभणारे नाही.

कारागिराचे मोजमाप

पुढच्या रविवारी आम्ही त्या शिक्षकांसह अकोल्याला गेलो. अमरावती-अकोला हा रस्ता जून २०२२ मध्ये जगभर गाजला होता. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरल्याची नोंद गिनेस बुकात झाली. रस्ता असा गुळगुळीत असला की 'पिकअप' वाढवून घेणारी तरुण मंडळी गॅरेजमध्ये येणारच. मुलाच्या वडिलांपुढे अशाच एका मोटारसायकलीचे लहान इंजिन उघडे पडले होते. त्यात जास्त वेळ झडप उघडी ठेवणारा कॅमशाफ्ट बसवला होता आणि त्याचे टायमिंग मोजायचे होते.

क्रँकच्या टोकाला अंश कोरलेली चकती आणि इंजिनाला बांधलेली वाकवलेली तार हा काटा. झडपेवर ०.०१ मिलिमीटर दाखवणारे डायल गेज. पहिले काम पिस्टनचे वरचे टोक, म्हणजे कारागिरांच्या भाषेत 'टीडीसी', शोधण्याचे. आम्हाला वाटले, पिस्टन जेथे थांबतो ती जागा डायलवर पाहायची. त्यावर मुलाचे वडील म्हणाले, "सर, कुठी थांबते ते डोयानं नाई समजत. दोन्हीकून धरा अन् मंधात या."

या वाक्यात पाठ्यपुस्तकाच्या पानभर गणित आहे. ५० मिलिमीटर स्ट्रोकच्या आणि १०० मिलिमीटर लांब कनेक्टिंग रॉडच्या इंजिनात वरच्या टोकापासून क्रँक १ अंश फिरली तर पिस्टन जेमतेम ०.००५ मिलिमीटर उतरतो. डायलच्या अर्ध्या घराइतकीही ही हालचाल धड नाही. क्रँक ९० अंशांवर असताना मात्र तोच पिस्टन १ अंशात सुमारे ०.४४ मिलिमीटर सरकतो. कमाल बिंदूपाशी बदलाचा दर शून्य असतो हे अकरावी-बारावीत कलनशास्त्रात शिकवतात. त्याचाच हा अर्थ : कमाल मूल्य किती आहे ते अचूक कळते, पण ते कोठे आहे ते नेमके कळत नाही.

कारागिराने स्पार्क प्लगच्या भोकात गुळगुळीत टोकाचा एक बोल्ट बसवला. पिस्टन वर येताना तो वाटेतच अडतो. इंजिन हाताने हळू एका दिशेने फिरवले, पिस्टन अडला तेथे चकतीवर ३७ वाचले. उलट दिशेने फिरवले, तेव्हा दुसऱ्या बाजूला ४३ वाचले. दोन्ही बाजूंना ४० यायला हवे होते. म्हणजे चकतीचे शून्य ३ अंश सरकलेले होते. ते सरकवून दोन्हीकडे ४० आणले की खरे टोक सापडले. पिस्टन वेगाने सरकत असतो अशा ठिकाणी वाचन घ्यायचे आणि मध्य काढायचा.

ही रीत शिक्षकांना परकी नाही. कात्यायन शुल्बसूत्रात पूर्व-पश्चिम रेषा काढण्याची कृती आहे. शंकूभोवती वर्तुळ काढून सकाळी व दुपारनंतर सावलीचे टोक वर्तुळावर जेथे येते ते दोन बिंदू जोडायचे. भर मध्यान्ही सावलीची लांबी फार हळू बदलते, तेव्हा त्या क्षणावर विसंबायचे नाही. शाळेच्या मैदानात आपण हा प्रयोग करून घेतो. गॅरेजमध्ये तोच प्रयोग दररोज चाललेला असतो, हे मात्र आपल्याला ठाऊक नसते.

'उघडणे' म्हणजे काय?

आता झडपेची पाळी. ती नेमकी कधी उघडते हेही डोळ्याने कळत नाही, कारण कॅमचा चढ सुरुवातीला अतिशय सौम्य असतो. म्हणून ठरावीक उचल गाठली की 'उघडली' असे मानण्याचा संकेत आहे. १ मिलिमीटर हा एक संकेत, तर अमेरिकी उत्पादकांचा ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिलिमीटर, हा दुसरा.

टॅपेटची फट ठरलेल्या मापावर ठेवून आम्ही १ मिलिमीटर उचलीवर वाचने घेतली. इनलेट झडप वरच्या टोकाच्या ६ अंश आधी उघडली आणि खालच्या टोकानंतर ३४ अंशांनी बंद झाली. एकूण काळ ६ + १८० + ३४, म्हणजे २२० अंश. मध्य उघडल्यापासून ११० अंशांवर, म्हणजे वरच्या टोकानंतर १०४ अंशांवर. कॅमसोबत आलेल्या कागदावर मध्य १०२ लिहिला होता.

हे २ अंश कोठून आले? सिलिंडर हेड सपाट करताना ०.५ मिलिमीटर घासून घेतले होते. त्यामुळे क्रँक आणि कॅम यांच्यातले अंतर तेवढे कमी झाले. कॅमच्या चक्राला ३२ दाते होते आणि साखळीच्या दोन पिनांमधले अंतर ६.३५ मिलिमीटर, म्हणजे परिघ सुमारे २०३ मिलिमीटर. एवढ्या परिघाला क्रँकचे ७२० अंश, तर ०.५ मिलिमीटरला सुमारे पावणेदोन अंश. हिशेब जुळला. साखळी एक दात सरकवून हे दुरुस्त करता येत नाही, कारण एक दात म्हणजे क्रँकचे २२.५ अंश. कारागिराने चक्राची बोल्टची भोके थोडी लांबवून कॅम १ अंश पुढे घेतला. क्रँकच्या मापात ते २ अंश झाले. मुलाने पुन्हा वाचन घेतले : ८ आणि ३२, मध्य १०२.

यावर उत्साही तरुणांसाठी दोन शब्द. 'हा २६० अंशांचा कॅम' अशी जाहिरात अनेक जण करतात. कोणत्या उचलीवर मोजलेले २६०, हे सांगितले नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. पहिली हालचाल धरली तर एकच कॅम कित्येक अंशांनी 'लांब' दिसतो. आपल्या चित्रात एकक आणि अट नाही, तशीच ती जाहिरातीतही नाही. शिवाय दोन्ही झडपा उघड्या असताना पिस्टन वर असतो. टायमिंग चुकले तर झडप पिस्टनवर आदळून वाकते. म्हणून समजदार कारागीर पिस्टनवर मुलांची खेळायची माती ठेवून इंजिन हाताने फिरवतो आणि मातीवर उमटलेल्या ठशाची जाडी मोजतो. वाहनात उत्पादकाच्या तपशिलाबाहेरचे बदल करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चे बंधन आहे, हेही वर्गात सांगावे.

उशिरा बंद होण्यात फायदा कोणता?

पिस्टन वर चढू लागल्यावरही इनलेट झडप उघडी कशी, असे विद्यार्थी हमखास विचारतो. उत्तर हवेच्या जडत्वात आहे. ३० सेंटिमीटर लांबीच्या नळीतून दाबाचा बदल ध्वनीच्या वेगाने जायला सुमारे ०.९ मिलिसेकंद लागतात. ६,००० फेऱ्यांना तेवढ्यात क्रँक सुमारे ३२ अंश फिरते, १,५०० फेऱ्यांना फक्त ८. पिस्टन खाली थांबला तरी नळीतली हवा धावत्या गाडीसारखी पुढे येतच राहते, आणि झडप उघडी असेल तर सिलिंडरमध्ये आणखी भर पडते. वेग कमी असला तर हीच उघडी झडप घेतलेली हवा परत बाहेर ढकलते. म्हणून महामार्गावर जोर देणारा कॅम राजकमल चौकातल्या गर्दीत रडतो. एकच टायमिंग सगळ्या वेगांना चांगले असू शकत नाही, आणि आजच्या अनेक मोटारींत ते चालू इंजिनात बदलण्याची सोय त्यासाठीच असते.

वऱ्हाडाला हे नवीन नाही. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ या 'शकुंतला' गाडीला मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ओढत होते. गाडी आता बंद आहे. पण वाफेच्या इंजिनाची झडपही टोक येण्याच्या किंचित आधी उघडी असे, आणि वाफ कधी तोडायची ते चालक हातातल्या दांड्याने वेगानुसार बदलत असे. कारागिरांना जे ठाऊक होते ते आपल्या चित्रात आले नाही.

काय करता येईल?

पहिले, चित्राखाली एक ओळ घालावी : 'झडपा टोकांवरच क्षणात उघडतात व मिटतात असे मानले आहे, प्रत्यक्षात त्या आधी उघडतात व नंतर मिटतात.' दुसरे, भंगारातून चार स्ट्रोकचे एक जुने इंजिन आणावे. पेट्रोल आणि ऑइल पूर्ण काढून टाकावे. पुठ्ठ्याची २० सेंटिमीटर व्यासाची चकती केली तर १ अंश परिघावर पावणेदोन मिलिमीटरचा होतो, सहज वाचता येतो. डायल गेज नसेल तर झडप हलू लागल्याची जागा दोन मुलांनी स्वतंत्रपणे टिपावी आणि त्यांची उत्तरे किती अंशांनी वेगळी येतात ते पाहावे. या फरकातूनच 'उघडणे' या शब्दाला व्याख्या का लागते ते त्यांना कळेल. तिसरे, जवळच्या गॅरेजमधील कारागिराला एक तास वर्गात बोलवावे.

अकोल्याच्या त्या शिक्षकांनी परतताना आणखी एक गोष्ट केली. खिशातून लाल पेन काढून त्यांनी फुली खोडली, एक गुण लिहिला, खाली सही करून तारीख घातली. मुलाने उत्तरपत्रिका वडिलांना दाखवली. ते डायल गेज पुसून डबीत ठेवत होते. त्यांनी हात पुसले आणि मग ती हातात घेतली.