नाचातले एकटेपण

माँट्रियलच्या ‘आर्केड फायर’ या रॉक वाद्यवृंदाने २०१३ साली ‘रिफ्लेक्टर’ हे गीत प्रथम मोजक्याच तबकड्यांवर, तेही ‘द रिफ्लेक्टर्स’ या टोपणनावाने काढले. ठेका डिस्कोचा, म्हणजे चारचौघांत नाचण्याचा. आशय मात्र एकटेपणाचा: माणूस भेटावा म्हणून जावे, तर समोर केवळ प्रतिबिंब! हा विरोधच गीताचा प्राण आहे. मध्येच रेजीन शासान्यचे फ्रेंच बोल येतात. अखेरीस डेव्हिड बॉवीचा आवाज क्षणभर डोकावून जातो. साडेसात मिनिटांची लांबी मला आधी खटकली. पुन्हा ऐकले तेव्हा उमगले, की पाय थकल्यावाचून मनाचे रितेपण जाणवत नाही. दिवाळीत घर पाहुण्यांनी भरते. पण आपण एकमेकांना खरेच भेटतो का? तबकडी थांबली, तरी हा प्रश्न फिरतच राहिला.