नाव, रूप आणि कुळी : बांबूवरील कवकांच्या वर्गीकरणासंबंधी

बांबूवर वाढणाऱ्या कवकांचे वर्गीकरण हा विषय वनस्पतिशास्त्राचा खरा. परंतु त्यातील मूळ प्रश्न भाषाशास्त्राच्या अभ्यासकालाही परका नाही. दोन वस्तू सारख्या दिसतात म्हणून त्या एका कुळीच्या मानाव्यात काय, हाच तो प्रश्न होय. मराठीतील 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद द्राविडी भाषांच्या सहवासाचा परिणाम मानला जातो. पण तेवढ्यावरून मराठीस कोणी द्राविडी ठरवीत नाही. सहवासाचे साम्य आणि रक्ताचे साम्य यांतील हा विवेक एमेनो यांनी 1956 साली भारतीय भाषांविषयी मांडला. कवकांच्या क्षेत्रात तोच विवेक करण्याचे साधन डीएनएच्या रूपाने पुढे हाती आले.

बांबूच्या कांडाची साल कठीण व सिकतायुक्त असते. तिच्याखाली राहणाऱ्या कवकाला बीजाणु बाहेर टाकावयाचे तर साल उचलून फोडावी लागते. त्यामुळे परस्परांशी दूरचाही संबंध नसलेली कवके कांडावर सारख्याच काळ्या, लांबट पुळ्यांच्या रूपाने प्रकट होतात. केवळ भिंगाच्या आधारे केलेले जुने वर्गीकरण येथे फसले, यात नवल नाही.

या दृष्टीने दाई, हाइड प्रभृतींनी 2017 साली 'फंगल डायव्हर्सिटी' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला बांबूवरील कवकांचा विस्तृत प्रबंध महत्त्वाचा आहे. त्याच्या लेखकांत गोवा विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केलेले डी. जे. भट हेही आहेत. प्रबंधाचा मोठा गुण असा की त्यात रूपवर्णन आणि डीएनएचा पुरावा शेजारी शेजारी ठेवलेला आहे. मात्र नावांच्या बाबतीत त्याची भूमिका तितकी निर्दोष म्हणता येणार नाही. 'बँबुसिकोलेसी' हे कुल 2013 साली आधीच स्थापन झाले होते. या प्रबंधाने त्यात 'ऑकल्टिबँबुसेसी' या नव्या कुलाची भर घातली. एकाचा अर्थ बांबूवर राहणारे, तर दुसऱ्याच्या नावातही बांबूच. कुल ठरविले वंशाच्या पुराव्यावर, आणि नाव दिले वसतिस्थानाचे! सह्याद्रीत बोलल्या जाणाऱ्या भाषांना 'सह्याद्री कुल' म्हणण्यासारखाच हा प्रकार आहे. नावाने वर्गीकरण बदलत नाही हे खरे. तथापि विद्यार्थ्याच्या मनात ते चुकीची अपेक्षा निर्माण करते.

याहून बोधप्रद कथा 'आर्थ्रिनियम' व 'एपिओस्पोरा' या दोन प्रजातींची आहे. कवकाच्या लैंगिक व अलैंगिक अवस्थांना पूर्वी वेगवेगळी नावे देण्याची मुभा होती. मेलबर्न येथील 2011 च्या ठरावानुसार 1 जानेवारी 2013 पासून 'एक कवक, एक नाव' हा नियम आला. क्राउस व ग्रोनेवाल्ड यांनी 2013 साली दोन्ही प्रजाती एक मानल्या आणि कुंत्से यांचे 1817 चे 'आर्थ्रिनियम' हे नाव, सकार्डो यांच्या 1875 च्या नावाहून जुने म्हणून, राखले. साहजिकच 2017 च्या प्रबंधातही बांबूवरील जाती त्याच नावाखाली आल्या. पुढे 2021 साली पिंतोस व अल्वाराडो यांनी थंड प्रदेशातील कॅरेक्स या लव्हाळ्यासारख्या वनस्पतींवरील जाती तपासल्या. आर्थ्रिनियमची प्ररूप जाती, म्हणजे जिच्यावर ते नाव मुळात बेतले आहे ती, याच गटातली. तिची शाखाच निराळी निघाली आणि बांबूवरील जाती पुन्हा 'एपिओस्पोरा'त गेल्या. अशा रीतीने आठ वर्षांत नाव दोनदा फिरले. दोष यंत्राचा नव्हता. ज्या नमुन्यावर नाव उभे आहे तोच वंशवृक्षात नव्हता. आणि तो नसेल तर वृक्ष कितीही डौलदार असो, त्याच्या फांदीला कोणते नाव टांगावे हे तो सांगू शकत नाही.

रूप आणि डीएनए या दोहोंखेरीज तिसराही पुरावा असतो, हे आजच्या उत्साहात विसरले जाते. बांबूवरील तांबेरा 'दस्तुरेला डिव्हिना' याची एक अवस्था गेळ्याच्या झाडावर वाढते, हे थिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1947 साली दाखवून दिले. दोन झाडांवरची ती दोन रूपे इतकी भिन्न की नुसत्या वर्णनावरून ती एकाच कवकाची म्हणून ओळखणे अशक्य. महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे; गव्हाच्या तांबेऱ्याचा अभ्यास करणाऱ्यांस ही दृष्टी नवी नाही. सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखे दिसणारे तांबेऱ्याचे प्रकार गव्हाच्या ठराविक वाणांवर टोचून ओळखण्याची पद्धत स्टॅकमन व लेव्हिन यांनी 1922 सालीच घालून दिली होती. गहू आणि बांबू दोन्ही तृणकुलातलेच.

महाराष्ट्रापुढील प्रश्न यातूनच निघतो. कामत, पटवर्धन, राव व साठे यांच्या 1971 च्या 'फंगाय ऑफ महाराष्ट्र' या ग्रंथातील नोंदी रूपवर्णनाच्या काळातील आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर यांच्या नावाचा कवकसंग्रह आहे, तेथेच जिवंत कवकांचा राष्ट्रीय संग्रहही आहे. पण जुन्या सुकलेल्या नमुन्यातून उपयोगी डीएनए मिळेलच असे नाही. तो न मिळाल्यास चीन व थायलंडमधील नमुन्यांवर उभारलेल्या वंशवृक्षात सह्याद्रीतील नावांना जागा मिळत नाही, आणि येथे पूर्वीच वर्णिलेले कवक अन्यत्र नवे म्हणून पुन्हा जन्म घेण्याचा धोका राहतो. यावर उपाय एकच : मूळ स्थळी जाऊन तेच कवक पुन्हा गोळा करणे व त्याचे संवर्धन करणे. महाबळेश्वराचे पठार आणि त्याखालचे जावळीचे खोरे पावसाळ्यानंतर अशा शोधास अनुकूल आहे.

तेथे जाणाऱ्याने एक गोष्ट मात्र करावी. जुन्या चिठ्ठ्यांवर आश्रयवनस्पती म्हणून पुष्कळदा नुसते 'बांबू' एवढेच लिहिलेले आढळते. गावकरी असे कधीच बोलत नाही. त्याच्या लेखी काटेरी कळक वेगळा, चिवा वेगळा, कोकणातला भरीव माणगा तर आणखी वेगळा. एकच नाव दोन खोऱ्यांत दोन झाडांना लागत असेल, म्हणून शास्त्रीय नाव व पान-फुलांचा नमुना हवाच. पण बेट कोणत्या नावाचे, हे तेथल्या माणसाला विचारून चिठ्ठीवर लिहिण्यास एक ओळ पुरते.