अनिश्चित काळातील नेतृत्व आणि कार्यसमूहाचे मनोबल : कुंडल परिसरातील दोन प्रयोगांची चिकित्सा

प्रस्तावना

कोविडच्या साथीनंतर ‘अनिश्चित काळातील नेतृत्व’ हा विषय व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत, कार्यशाळांत आणि महाविद्यालयांच्या उद्बोधन वर्गांत वारंवार चर्चिला जात आहे. या चर्चेचा एक ठरावीक साचा दिसून येतो. काळ अस्थिर आहे, कर्मचारी धास्तावलेले आहेत, तेव्हा नेत्याने त्यांच्यात उमेद निर्माण करावी, असे प्रतिपादन केले जाते. उदाहरण म्हणून एखाद्या यशस्वी उद्योजकाची संघर्षगाथा सांगितली जाते. आपल्या भागात ती बहुधा किर्लोस्करवाडीची असते. प्रस्तुत लेखात या साच्याची चिकित्सा करावयाची आहे. कुंडल परिसरातच घडलेले दोन प्रयोग, म्हणजे १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी आणि १९४३ ते १९४६ या काळातील प्रतिसरकार, बारकाईने पाहिल्यास मनोबल हा भाषणाचा नव्हे, तर जबाबदारीच्या वाटपाचा प्रश्न असल्याचे लक्षात येते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

धोका आणि अनिश्चितता

अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये धोका आणि अनिश्चितता यांत भेद केला. ज्याची शक्यता मोजता येते तो धोका. जिचे मोजमापच शक्य नाही ती अनिश्चितता. हा भेद नेतृत्वाच्या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. धोक्याच्या प्रसंगी नेता काही अंदाज सांगू शकतो. अनिश्चिततेत मात्र फलिताचे आश्वासन देणे हे अज्ञान तरी असते किंवा फसवणूक तरी. अशा वेळी नेता प्रामाणिकपणे एवढेच सांगू शकतो, की काहीही घडले तरी त्याचे वर्तन कसे राहील आणि नुकसान झाल्यास त्याचा भार कोण उचलेल. प्रचलित प्रेरणा-साहित्यात नेमका हाच दुसरा भाग गाळलेला असतो.

किर्लोस्करवाडी : गाथा आणि वस्तुस्थिती

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनविण्यापर्यंत मजल मारली होती. नगरविस्तारासाठी तेथील कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकालगतची जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. निवडुंगाने भरलेल्या सुमारे बत्तीस एकर माळावर पंचवीस कामगार आपल्या कुटुंबांसह आले आणि १९१० मध्ये वसाहत उभी राहू लागली.

ही कथा सांगताना भर दिला जातो तो लक्ष्मणरावांच्या जिद्दीवर. ती जिद्द निर्विवाद आहे. तथापि कामगारांनी बेळगावसारखे शहर सोडून ओसाड माळावर का यावे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर केवळ व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावात शोधता येत नाही. जमीन आणि भांडवल यांची सोय आधी झाली होती. काम, घर आणि शेजार एकत्र स्थलांतरित होत होते. आणि मालक स्वतः त्याच माळावर राहावयास येत होता. अनिश्चितता नाहीशी झाली नव्हती, पण ती एकट्या कामगाराच्या माथी मारली गेली नव्हती.

पहिल्या महायुद्धात लोखंड व कोळसा यांची टंचाई झाली, तेव्हा जुन्या तोफांचे लोखंड मिळवून काम चालू ठेवण्यात आले. पूर्वी शिक्षा भोगलेल्या व्यक्तींना वसाहतीच्या रात्रीच्या पहाऱ्यावर नेमण्याचा प्रयोगही येथे झाला. मनुष्य स्वभावतः जबाबदारी टाळत नाही, ही डग्लस मॅकग्रेगर यांनी १९६० मध्ये मांडलेली धारणा येथे कित्येक वर्षे आधी व्यवहारात आलेली दिसते. विश्वास हा येथे उपदेशाचा विषय नव्हता. पहाऱ्याचे काम सोपवून तो व्यक्त झाला होता.

या संदर्भात फ्रेडरिक हर्झबर्ग यांच्या द्विघटक सिद्धांताचा पुनर्विचार आवश्यक वाटतो. वेतन, सुरक्षितता, कामाची परिस्थिती हे घटक असमाधान टाळतात, खरी प्रेरणा मात्र कर्तृत्व, मान्यता व जबाबदारी यांतून मिळते, असे त्यांनी १९५९ मध्ये मांडले. त्यांचा अभ्यास पिट्सबर्ग परिसरातील सुमारे दोनशे अभियंते व लेखापाल यांच्या मुलाखतींवर आधारलेला होता. हे लोक नोकरीत स्थिर होते. ज्याचे घर आणि काम दोन्ही उद्या राहील की नाही हे ठाऊक नाही, त्याच्या बाबतीत सुरक्षितता हा दुय्यम घटक मानता येत नाही. किर्लोस्करवाडीत घर हेच प्रेरणेचे पहिले रूप होते.

या प्रयोगाची मर्यादा

तरीही या प्रयोगाचे केवळ गुणगान करणे समीक्षेला धरून होणार नाही. घर आणि नोकरी एकाच हातून मिळतात, तेव्हा नोकरी गमावणारा छप्परही गमावतो. आधार आणि अवलंबन यांतील सीमारेषा पुसट होते. औंध संस्थानाने १९३९ मध्ये स्वराज्य संविधान लागू करून कारभार ग्रामपंचायतींकडे सोपविण्याचे धाडस केले. त्याच संस्थानातील कारखान्याचे निर्णय मात्र चालकांकडेच राहिले. किर्लोस्करवाडीची जी कथा आपण सांगतो ती मुख्यत्वे मालकघराण्याच्या लेखणीतून आलेली आहे, हेही ध्यानात ठेवावे लागते.

आणखी एक बाब अशी, की १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात उसळलेल्या जाळपोळीची झळ किर्लोस्करवाडीलाही बसली. त्या घटनेची कारणे कारखान्याच्या कुंपणाबाहेरची, व्यापक सामाजिक तणावांतील होती. परंतु कुंपणाच्या आतील आपलेपणा कितीही दृढ असला तरी भोवतालच्या समाजातील दुभंग त्याला भेदून आत येऊ शकतो, ही गोष्ट ‘टीम’ या संकल्पनेच्या अभ्यासकांनी दुर्लक्षू नये.

प्रतिसरकार : वेतनाविना संघटन

किर्लोस्करवाडीपासून काही किलोमीटरवर असलेले कुंडल हे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारचे एक प्रमुख केंद्र. जी. डी. तथा बापू लाड आणि कॅप्टन रामचंद्र लाड यांच्या पुढाकाराने येथे तुफान सेना उभी राहिली. ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे रेल्वे अडवून सरकारी पगाराची रक्कम हस्तगत करण्यात आली. ही लूट नसून जनतेचेच धन परत आणले, अशी भूमिका कॅप्टन लाड यांनी उत्तरायुष्यातही आग्रहाने मांडली. अब्राहम मॅस्लो यांचा प्रेरणेसंबंधीचा प्रसिद्ध निबंध याच वर्षीचा. मूलभूत गरजा भागल्यावर उच्चतर गरजा प्रभावी होतात, हे त्याचे सूत्र ढोबळपणे शिकविले जाते. भूमिगत तरुणांपाशी अन्न, निवारा आणि सुरक्षितता यांपैकी कशाचीच शाश्वती नव्हती. तरीही त्यांचे संघटन टिकले. मॅस्लो यांनी स्वतः अपवादांना जागा ठेवली होती. पाठ्यपुस्तकांतील पिरॅमिडने ती ठेवली नाही.

हे संघटन का टिकले? एक तर ते गटांमध्ये विभागलेले होते. एखादा नेता पकडला गेला तरी काम थांबत नसे. दुसरे असे, की न्यायदान, व्यसनबंदी, साध्या पद्धतीचे विवाह अशा कामांतून ते गावाच्या रोजच्या जीवनाशी जोडलेले होते. कार्यकर्त्याला भाकरी देणारे घर हे त्या संघटनेचाच भाग होते. तथापि येथेही दुसरी बाजू आहे. ‘पत्री सरकार’ हे लोकांच्या तोंडी रुळलेले नाव कठोर शारीरिक शिक्षांची आठवण जागवते. निष्ठेबरोबर धाकही होता. ध्येयाच्या नावाने मागितलेला त्याग आणि धाकाने मिळवलेली शिस्त यांत भेद करणे नेतृत्वाच्या अभ्यासात अपरिहार्य आहे.

आजचा संदर्भ

२००५, २०१९ आणि २०२१ चे कृष्णेचे महापूर आणि २०२० ची टाळेबंदी यांनी आपल्या परिसरातील उद्योग, दूध संघ, पतसंस्था आणि शिक्षणसंस्था या सर्वांना अनिश्चिततेचा अनुभव दिला आहे. महाविद्यालयांपुरते बोलावयाचे झाल्यास तासिका तत्त्वावरील अध्यापकाचे उदाहरण पुरेसे आहे. त्याचे मानधन तासांवर अवलंबून असते. सुट्टीत ते थांबते. पुढील वर्षीची नेमणूक निश्चित नसते. अशा सहकाऱ्यास मूल्यांकन समितीच्या तयारीसाठी ‘संघभावनेने’ रात्री थांबावयास सांगणे आणि ताणतणाव व्यवस्थापनावरील व्याख्यानास बसविणे, यात प्रेरणा कोणती? येथे संस्थेची अनिश्चितता सर्वांत दुर्बळ घटकाकडे ढकलली गेलेली असते आणि उमेद मात्र त्याच्याचकडून अपेक्षिली जाते. नियम व निधी प्राचार्यांच्या हाती नसतात हे मान्य. परंतु नेमणुकीची शक्यता वेळेत व स्पष्टपणे सांगणे, झालेल्या तासांचे देयक न रखडविणे, विभागाच्या बैठकीत त्यांना बोलण्याचा अधिकार देणे, हे निश्चितच त्यांच्या हाती असते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की अनिश्चित काळातील नेतृत्वाचे मूल्यमापन नेत्याच्या वक्तृत्वावरून किंवा अंतिम यशावरून करणे अपुरे आहे. नुकसानीचा भार कोणावर पडला, खरी परिस्थिती समूहाला किती सांगितली गेली आणि असहमतीला कितपत जागा होती, हे प्रश्न अधिक मूलभूत आहेत. किर्लोस्करवाडी पहिल्या कसोटीस बऱ्याच अंशी उतरते, तिसरीस मात्र तितकीशी नाही. प्रतिसरकारात भार वाटून घेतला गेला, पण धाकाचा प्रश्न शिल्लक राहतो. म्हणून हे दोन्ही प्रयोग अनुकरणासाठी तयार नमुने नाहीत. व्यवस्थापनाच्या वर्गात ते शिकविताना गाथेबरोबर हे प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवले, आणि आपल्या विभागाच्या कारभारालाही तेच लावून पाहिले, तर या इतिहासाचा अभ्यास सार्थकी लागेल.